स्कूबासाठी वेट सिस्टिम कशी निवडायची: आधी किती, मग कुठे, मग कशात

वेट बेल्ट (शिशाच्या वजनांचा कमरपट्टा) घ्यावा की वेट पॉकेटवालं बीसीडी (हवा भरून-सोडून तरंगणं कमी-जास्त करायचं जॅकेट), हा प्रश्न डायव्हिंग शिकून झालं की जवळजवळ प्रत्येकाला पडतो आणि बहुतेकजण त्याचं उत्तर थेट दुकानात जाऊन शोधतात. मला वाटतं हा खरं तर तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न म्हणजे मला वजन लागतं किती, दुसरा म्हणजे ते अंगावर कुठे असायला हवं, आणि या दोन्हीची उत्तरं हातात आली की ते कशात भरायचं हे ठरवायला फार वेळ लागत नाही. उलट्या क्रमाने गेलात तर महागातली सिस्टिम घेऊनही कंबर दुखते, पाय खाली लटकतात आणि हवा लवकर संपते, कारण मुळात २-३ किलो शिसं जास्तीचं वाहत असता आणि तेही चुकीच्या जागी. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितोय. लांब आहे, पण एकदा नीट करून घेतलं की पुढे दरवेळी उपयोगी पडतं.

वजन मुळात कशासाठी लागतं

माणसाचं शरीर पाण्यात फारसं तरंगतही नाही आणि फारसं बुडतही नाही, पूर्ण श्वास घेतला की वर राहतं, सोडला की हळूहळू खाली जातं. अंगात चरबी जास्त असेल तर थोडं जास्त तरंगतं, अंगकाठी सडपातळ असेल तर कमी, एवढाच फरक. खरा तरंगतो तो सूट. निओप्रीन म्हणजे गॅसचे बारीक बुडबुडे भरलेलं रबर, त्यामुळे सूट जितका जाड तितके बुडबुडे जास्त आणि त्याला खाली न्यायला शिसं जास्त. हे बुडबुडे खोलीवर दाबले जातात, १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट होतो, त्यामुळे सूट वर जेवढा तरंगतो तेवढा खाली तरंगत नाही. म्हणजे वर ज्या वजनाने तुम्ही अगदी बरोबर असता त्याच वजनाने खाली गेल्यावर थोडे जड होता, आणि तो फरक भरून काढायला बीसीडी असतं.

दुसरी गोष्ट टँक. हवेलाही वजन असतं हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. १ लिटर हवा साधारण १.२ ग्रॅमची. ११ लिटरच्या नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियम टँकमध्ये २०० बारला (बार हे दाबाचं माप, पृष्ठभागावर साधारण १) २२०० लिटर हवा मावते, म्हणजे अडीच किलोच्या वरच. डाइव्ह संपताना ५० बार उरले असतील तर त्यातली २ किलो हवा तुम्ही श्वासातून सोडून दिलेली असते, आणि जो टँक सुरुवातीला किंचित जड होता तो आता किलोभर तरी तरंगायला लागतो. म्हणून वजनाचा हिशोब नेहमी डाइव्हच्या शेवटाचा करायचा. भरलेल्या टँकने सुरुवातीला सगळं मस्त वाटलं आणि शेवटी सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधी ५ मीटरवर थोडा वेळ थांबायचं तिथे) थांबताच येईना, असं होतं ते यामुळे.

पायरी पहिली: किती

आकडा कुठून तरी सुरू करावा लागतो, तर हा अंदाज धरा. नुसता स्विमसूट किंवा लायक्रा असेल तर १ ते २ किलो. ३ मिलिमीटरचा सूट असेल तर शरीराच्या वजनाच्या ५ टक्के. ५ मिलिमीटरचा फुल सूट असेल तर १० टक्क्यांपर्यंत. ७ मिलिमीटर, हूड आणि ग्लव्ह्ज असतील तर १० टक्के अधिक दीड ते तीन किलो. म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५ मिलिमीटरमध्ये साधारण ७ किलोपासून सुरुवात. हे समुद्राच्या पाण्यासाठी आणि अ‍ॅल्युमिनियम टँकसाठी. आणि हा फक्त अंदाज आहे बरं का, याच आकड्यावर कायमचं राहायचं नाही, बऱ्याच जणांना शेवटी यापेक्षा कमीच लागतं.

आता खरी चाचणी, वेट चेक. पाय टेकणार नाहीत एवढ्या खोल पाण्यात, पूर्ण गिअर घालून, टँकमध्ये ५० बारच्या आसपास हवा असताना. डाइव्ह संपवून वर आलात की हे करायला सगळ्यात चांगली वेळ, कारण सूट तेव्हा पूर्ण भिजलेला असतो, त्यात अडकलेली हवा निघून गेलेली असते आणि तुमचा श्वासही शांत झालेला असतो. रेग्युलेटर (टँकमधली हवा श्वासाला देणारं उपकरण) तोंडात ठेवा. बीसीडीतली सगळी हवा काढा, आणि सगळी म्हणजे सगळी, बीसीडीची होज (हवेची नळी) वर धरून डावा खांदा उचला म्हणजे कोपऱ्यात राहिलेलीही निघते. उभे राहा, पायांच्या घोट्यांना घोट्यांची अढी घाला म्हणजे नकळत फिन्स मारल्या जाणार नाहीत. हात स्थिर. आता नेहमीसारखा श्वास घ्या, छाती फुगवून नाही, आणि तो क्षणभर धरा (हे फक्त इथे पृष्ठभागावर चालतं, खालून वर येताना श्वास कधीच धरायचा नाही). पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. मग श्वास सावकाश पूर्ण सोडा, आता तुम्ही हळूच खाली जायला लागलं पाहिजे. श्वास धरलेला असतानाच डोकं पाण्याखाली जात असेल तर वजन जास्त आहे, श्वास सोडूनही हनुवटी पाण्याबाहेर राहत असेल तर कमी आहे. एकावेळी १ किलो किंवा शक्य असेल तर अर्धा किलो बदला आणि परत करा.

भरलेल्या टँकने चेक करायची वेळ आली तर पद्धत तीच, फक्त शेवटी २ किलो वाढवायचे, तुम्ही जी हवा वापरणार आहात तिच्या वजनाचे. १५ लिटरचा टँक असेल तर अडीच ते पावणेतीन.

यानंतर पुढच्या डाइव्हला एक दुसरी चाचणी करायची. सेफ्टी स्टॉपला, ५ मीटरवर, ५० बार असताना बीसीडी पूर्ण रिकामं करा आणि बघा, फक्त श्वासावर एका जागी राहता येतंय का. आलं तर वजन बरोबर. तिथेही बीसीडीत हवा घालावी लागत असेल तर शिसं कमी करायला वाव आहे. माझा स्वतःचा विश्वास पृष्ठभागावरच्या चाचणीपेक्षा या चाचणीवर जास्त आहे, कारण शेवटी नेमकं हेच आपल्याला करता यायला हवं असतं.

नवीन लोकांना वजन जास्त लागतं हे खरं आहे आणि त्याची कारणं शरीरात नाही, सवयीत असतात. घाबरल्यावर माणूस छाती भरलेलीच ठेवतो, श्वास अर्धाच सोडतो, आणि खाली जाताना पाय मात्र जोरात मारत असतो, ज्याने तो वरच येत राहतो. मग इन्स्ट्रक्टर २ किलो जास्त देतो, ग्रुप खाली जातो, आणि ते २ किलो लॉगबुकात कायमचे लिहिले जातात. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर खाली जाताना आधी पूर्ण श्वास सोडायची सवय लावा, पाय स्थिर ठेवा, पहिले २ मीटर घाई करू नका. सूट कोरडा असेल तर पाण्यात उतरल्यावर मान आणि मनगट ओढून थोडं पाणी आत घ्या. मग परत वेट चेक करा.

जास्तीच्या शिशाने एवढं काय बिघडतं, तर बघा. समजा ४ किलो जास्त आहेत. ते पेलायला बीसीडीत ४ लिटर हवा सतत ठेवावी लागते. ५ मीटरवरून ३ मीटरवर आलात की दाब दीड बारवरून १.३ वर येतो आणि त्या ४ लिटरचे ४.६ होतात, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षा जास्त जोराने तुम्ही वर ओढले जाता, अजून वर आलात की अजून फुगते. सेफ्टी स्टॉपला वर-खाली होत राहणाऱ्या लोकांकडे बघा, बहुतेकांना वजन कमी पडत नसतं, जास्तच असतं, आणि ते पुढच्या वेळी आणखी १ किलो मागतात. शिवाय तो हवेचा फुगा वरच्या बाजूला आणि शिसं कमरेला, म्हणजे छाती वर आणि पाय खाली, असं तिरकं पोहायचं म्हणजे सगळं पाणी छातीने ढकलत जायचं, त्यात दमही लागतो आणि हवाही जाते. कमी वजनही धोक्याचंच, शेवटी टँक हलका झाला की थांबता येत नाही, त्यामुळे उगाच कमीत कमी वजनाची शर्यत लावू नका.

दोन बदल कायम लक्षात ठेवा. गोड्या पाण्यात वजन कमी लागतं, कारण समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं. तुम्ही आणि गिअर मिळून १०० किलो असाल तर गोड्या पाण्यात अडीच किलो काढायचे. आणि अ‍ॅल्युमिनियमवरून स्टीलच्या टँकवर गेलात तर साधारण २ ते ३ किलो कमी करून सुरुवात करा, कारण स्टीलचे बहुतेक टँक रिकामे झाले तरी तरंगत नाहीत.

पायरी दुसरी: कुठे

शरीराला वर उचलणारा मुख्य भाग म्हणजे फुप्फुसं, आणि ती छातीत आहेत. शिसं कमरेला आहे. मग छाती वर आणि पाय खाली जाणार हे उघड आहे, आणि जेवढं शिसं जास्त तेवढा कोन जास्त. आरामाचा अर्धा भाग इथे आहे असं मी म्हणेन, कारण आडवं राहायला सतत पाय हलवत राहावं लागलं तर कुठलाच बेल्ट आरामदायी वाटणार नाही.

तपासायचं असं: तळापासून थोडं वर, बॉयन्सी न्यूट्रल करून (म्हणजे ना वर जाताय ना खाली), आडवे व्हा, गुडघे थोडे वाकवा, हात पुढे, आणि काहीच करू नका. १०-१५ सेकंद. बडीला (सोबतच्या डायव्हरला) बाजूने बघायला सांगा, व्हिडिओ काढला तर अजून चांगलं, कारण आपल्याला आपण सरळ आहोत असंच वाटत असतं. पाय खाली गेले तर कमरेचं थोडं वजन वर न्यायचं. एकूण वजन तेवढंच, फक्त १ किलो कमरेवरून काढून टँकच्या पट्ट्यावर लावायच्या ट्रिम पॉकेटमध्ये (ट्रिम म्हणजे पाण्यात अंग आडवं राहण्याचा तोल). बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. त्याहून सोपं म्हणजे टँकच बीसीडीच्या पट्ट्यात ३-४ सेंटिमीटर वर सरकवणं, याला काही पैसे पडत नाहीत. फक्त इतकाही वर नको की मान मागे केली की डोकं व्हॉल्व्हवर आपटेल.

डोकं खाली जात असेल तर उलट करायचं, टँक खाली सरकवा, ट्रिम पॉकेटमधलं काढून कमरेला आणा. असं जाड सूटमध्ये होतं, पायांचं निओप्रीन तरंगतं. अ‍ॅल्युमिनियम टँकचा बूडही शेवटी शेवटी हलका होऊन वर उचलायला लागतो, त्यामुळे ही तपासणी डाइव्हच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा करा आणि मधलं काहीतरी धरा.

घोट्याला बांधायची वेट्स मला आवडत नाहीत. ड्रायसूटमध्ये (आत पाणी न शिरणाऱ्या सूटमध्ये) पायात हवा जाते म्हणून काहीजण वापरतात ते समजू शकतो, पण प्रत्येक किकला ते अर्धा-एक किलो हलवत राहावं लागतं आणि त्याचा थकवा जाणवतो. आधी थोड्या जड रबरी फिन्स वापरून बघा.

पायरी तिसरी: कशात

साधा बेल्ट. ५ सेंटिमीटर रुंदीचा नायलॉनचा पट्टा, एक बकल, आणि त्यात ओवलेले शिशाचे ठोकळे. स्वस्त, टिकाऊ, कुठल्याही बीसीडीबरोबर चालतो, आणि बीसीडी काढलं तरी वजन अंगावरच राहतं. त्याच्याबद्दलच्या तक्रारी दोन, सरकतो आणि टोचतो, आणि दोन्ही बऱ्यापैकी सोडवता येतात.

सरकण्यासाठी: प्रत्येक ठोकळ्याला दोन खाचा असतात, पट्टा पहिल्या खाचेतून वर काढला की दुसऱ्या खाचेत घालण्याआधी त्याला एक पीळ द्या, ठोकळा जागचा हलत नाही. नाहीतर दोन्ही बाजूंना क्लिप लावा. ठोकळे दोन्ही बाजूंना सारखे हवेत, कमरेच्या हाडाच्या थोडे पुढे, बकलच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं मोकळी सोडून, आणि पाठीच्या मधोमध काहीच नाही, तिथे टँक असतो आणि मधे सापडलेला ठोकळा मणक्यात रुततो. २ किलोचे तीन ठोकळे घेण्यापेक्षा १ किलोचे सहा घेतले तर भार पसरतो आणि एका जागी दाब येत नाही. बकल लावल्यावर १५-२० सेंटिमीटर पट्टा उरावा. यापेक्षा जास्त असेल तर कापून टाका आणि टोक लायटरने वितळवून घ्या, कारण लांब शेपूट कुठेतरी खोचावं लागतं, आणि खोचलेला बेल्ट वेळेला सुटत नाही.

घालायची रीत नीट शिकून घ्या, निम्मा त्रास चुकीच्या घालण्याने होतो. बकल नसलेलं टोक उजव्या हातात, बकलचं टोक डाव्या हातात. बेल्ट मागे घ्या, कंबरेत पुढे वाका, पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत, म्हणजे सगळं वजन पाठीवर निवांत बसतं आणि तुम्हाला ते हाताने पेलावं लागत नाही. त्याच अवस्थेत ठोकळे दोन्ही बाजूंना नीट करा, पट्टा ओढा, बकल बंद करा, मगच सरळ व्हा. उभ्या उभ्या ओढून घट्ट करायचा प्रयत्न केला की तो नेहमी सैल राहतो. पट्टा असा बसला पाहिजे की उजव्या हाताने एका झटक्यात उघडेल. आणि हातात घेऊन चालताना किंवा बोटीवर देताना बकल नसलेलं टोक धरायचं, बकल खाली लटकलं की ठोकळे तिथे अडतात. उलटं धरलंत तर सगळं शिसं कोणाच्या तरी पायावर.

खाली गेल्यावर सूट दबतो आणि वर घट्ट वाटलेला बेल्ट सैल होतो. तळाशी पोहोचलात की आडवे असतानाच एकदा ओढून घ्या. हा त्रास फार होत असेल तर रबरी बेल्ट बघा, फ्रीडायव्हर (टँकशिवाय, एका श्वासावर खाली जाणारे) वापरतात तो. ताणून बांधला की कंबर बारीक झाली तरी तो बरोबर आकसतो आणि जागचा हलत नाही. मी तर म्हणेन साध्या बेल्टची कटकट होणाऱ्या माणसाने पॉकेटवालं बीसीडी घेण्याआधी एकदा हा लावून बघावा. एकच गोष्ट, वर असताना तो चांगलाच ताणून लावावा लागतो आणि पोटावर दाब आवडत नसेल त्यांना तो नको वाटतो.

टोचण्यासाठी: पाउचवाला बेल्ट आणि त्यात शिशाच्या छर्‍यांच्या मऊ पिशव्या. माझी एक डाइव्ह बडी आहे, उंच आणि अगदी बारीक, तिला प्रत्येक डाइव्हनंतर दोन्ही कमरेच्या हाडांवर निळे डाग पडायचे, इतके की ती डायव्हिंग सोडायच्या गोष्टी करायला लागली होती. ठोकळे काढून तेवढ्याच वजनाच्या छर्‍यांच्या पिशव्या घातल्या, त्या हाडाच्या आकाराला बसतात, आणि तो विषय तिथेच मिटला. सोबत वेट चेकही केला तेव्हा तिचे दीड किलो कमीही झाले. पाउचच्या बेल्टचा अजून एक फायदा म्हणजे वजन बदलायला सगळा पट्टा उसवत बसावा लागत नाही. तोटा म्हणजे पाउचचं वेल्क्रो जुनं झालं की पिशवी घसरू शकते, आणि छर्‍यांची पिशवी फाटली की छर्रे सांडत जातात, म्हणून शिवण अधूनमधून बघा.

बेल्ट कुणाला जमत नाही? ज्यांची कंबर आणि नितंब एका रेषेत आहेत किंवा पोट पुढे आहे, त्यांचा बेल्ट खाली उतरतोच. ज्यांना कमरेचं जुनं दुखणं आहे त्यांनाही, कारण आडवं पोहताना सूट वर उचलत असतो आणि बेल्ट नेमका कमरेच्या कमानीत खाली ओढत असतो. आणि ८-१० किलोच्या वर गेलं की बेल्ट कुणालाच सुखाचा नाही.

वेट पॉकेटवालं म्हणजे इंटिग्रेटेड बीसीडी. वजन कमरेवरून निघून बीसीडीच्या बाजूच्या पाउचमध्ये जातं, भार खांद्यांवर आणि पाठीवर वाटला जातो, पाण्यात जवळजवळ जाणवतच नाही. आरामाचाच विचार केला तर बऱ्याच जणांसाठी हेच योग्य आहे, मी उगाच बेल्टची बाजू घेणार नाही. पण काही गोष्टी घेण्याआधी बघायच्या.

एक, पाउच अडकतं कसं. नुसतं वेल्क्रो असेल तर वाळू आणि मिठाने ते सैल पडतं आणि उडी मारताना पाउच निसटू शकतं, आणि एका बाजूचं गेलं की तुम्ही दुसऱ्या बाजूला कलंडता आणि वर पण यायला लागता. क्लिक होऊन बसणारं बकल किंवा लॉक असलेलं हँडल बरं. बसवल्यावर प्रत्येक वेळी एकदा ओढून बघायचं, आवाज आला म्हणून बसलं असं धरायचं नाही. भाड्याच्या बीसीडीत दुसऱ्याच मॉडेलचं पाउच कोंबलेलं असतं तेही बघून घ्या.

दोन, प्रत्येक पाउचची मर्यादा लेबलवर लिहिलेली असते, तुमचा पहिल्या पायरीतला आकडा त्यात बसतो का.

तीन, जमिनीवर ते सगळं एकदम जड होतं. भरलेला अ‍ॅल्युमिनियम टँकच १७ किलोच्या आसपास, त्यात बीसीडी, रेग्युलेटर आणि ७-८ किलो शिसं म्हणजे ३० किलोच्या घरात. पाठीचा त्रास आहे म्हणून इंटिग्रेटेड घेतलं आणि तेच पाठीवर घेऊन शिडी चढलात तर हेतूच संपला. म्हणून टँक उभा करून आधी बीसीडी लावा, पाउच शेवटी घाला, आणि पाण्यातून बाहेर येताना आधी पाउच काढून बोटीवर द्या, मग बीसीडी. हे बोटीवरच्या लोकांच्या पाठीसाठीही करा.

चार, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाण्याखाली कशात तरी अडकलात आणि बीसीडी उतरवायची वेळ आली, तर सगळं शिसं बीसीडीत असताना ते खाली ओढतं आणि तुम्ही सूटसकट वर. म्हणून ४ किलोच्या वर लागत असेल तर मी वाटून घ्यायचा सल्ला देतो, २-३ किलो बेल्टवर आणि बाकीचे पॉकेटमध्ये. हलका बेल्ट टोचत नाही, हलकी पॉकेट्स हाताला जड लागत नाहीत, आणि काहीही एक निघालं तरी तुम्ही एकदम वर फेकले जात नाही.

बॅकप्लेट. पाठीला स्टीलची प्लेट, साधारण अडीच किलोची, म्हणजे तेवढं शिसं कमी आणि ते वजन फुप्फुसांच्या बरोबर मागे, त्यामुळे ट्रिम आपोआप सुधारते. मला ही व्यवस्था फार आवडते. पण ती टाकून देता येत नाही, हे विसरू नका. पातळ सूट, स्टीलची प्लेट आणि स्टीलचा टँक एकत्र आले तर एकही वेट न लावता तुम्ही जास्त जड असू शकता, आणि बीसीडीने दगा दिला तर टाकायला हातात काहीच नसतं. तिथे अ‍ॅल्युमिनियमची प्लेट किंवा अ‍ॅल्युमिनियमचा टँक घ्या.

वेट हार्नेस, म्हणजे खांद्याला पट्टे असलेला बेल्ट, ड्रायसूटवाल्यांसाठी. १०-१२ किलो कमरेवर टांगण्यापेक्षा खांद्यावरून घेतलेले कधीही बरे. बीसीडीच्या खाली घालायचा, आणि त्याची ओढायची हँडल्स बीसीडीखाली गाडली जात नाहीत ना हे आरशात बघून घ्या.

टाकता येतं का

आरामाच्या लेखात हे कशाला असं वाटेल, पण जी सिस्टिम वेळेला सुटत नाही ती आरामदायी असून उपयोग नाही. अपघातांनंतर डायव्हरच्या अंगावर सगळी वेट्स तशीच सापडतात असं वारंवार दिसलेलं आहे. पृष्ठभागावर आहात, दमला आहात, बीसीडी फुगत नाहीये, तर वजन टाकायचं, शिसं परत विकत मिळतं. खोल पाण्यात मात्र हा अगदी शेवटचा उपाय, कारण एकदम सगळं गेलं की वर यायचा वेग आवरता येत नाही.

त्यामुळे हिशोब असा ठेवा: जेवढं टाकल्यावर बीसीडी रिकामं असूनही तुम्ही पृष्ठभागावर तरंगाल, तेवढं वजन टाकता येण्यासारख्या जागी हवं. बाकीचं ट्रिम पॉकेटमध्ये गेलं तरी चालेल. बेल्टवरून दुसरा कुठलाही पट्टा जात नाही ना बघा, विशेषतः मांड्यांमधून येणारा, नाहीतर बकल उघडूनही बेल्ट पडणार नाही. आणि बेल्टचं बकल आणि बीसीडीच्या कमरेच्या पट्ट्याचं बकल हाताला वेगळं लागलं पाहिजे. सराव स्विमिंग पूलमध्ये किंवा उथळ पाण्यात करा, डोळे मिटून, एका हाताने, जे ग्लव्ह्ज घालणार आहात ते घालून. डाइव्हच्या आधी बडीला दाखवा की माझं असं सुटतं, आणि त्याचंही बघून घ्या.

मग घ्यायचं काय

३-४ किलोच लागत असतील तर साधा किंवा रबरी बेल्ट पुरे, पैसे सूटवर खर्च करा. ४ ते ८ मध्ये असाल तर पॉकेट आणि हलका बेल्ट असं वाटून. ८ च्या वर असाल तर इंटिग्रेटेड बीसीडी, ट्रिम पॉकेट आणि शक्य असेल तिथे स्टीलचा टँक, किंवा ड्रायसूट असेल तर हार्नेस. कमरेची हाडं टोचत असतील तर छर्‍यांच्या पिशव्या, कंबर धरत असेल तर वजन वर न्या.

दुकानात ट्राय करताना रिकामं बीसीडी घालून आरशात बघू नका, तुमच्या आकड्याएवढी वेट्स मागून घ्या, पाउच भरा, तुमचा स्वतःचा सूट घालून बघा, पुढे वाका, दोन्ही बाजूला वळा, पाउच दहावेळा काढा-घाला. शक्य असेल तर विकत घेण्याआधी तेच मॉडेल एका डाइव्हला भाड्याने घ्या.

उघडं शिसं हाताळलं की जेवणाआधी हात धुवा, कोटिंग केलेले ठोकळे मिळत असतील तर तेच घ्या. डाइव्हनंतर बेल्ट, पाउच, बकल सगळं गोड्या पाण्यात बुडवून वेल्क्रोमधली वाळू काढा. बोटीवर वेट्स बाकावर कधीच ठेवू नका, खाली फळीवर कोपऱ्यात.

लॉगबुकात नुसते किलो लिहू नका. सूट कुठला आणि किती जाड, टँक कशाचा आणि किती लिटरचा, पाणी खारं की गोडं, किती किलो बेल्टवर, किती पॉकेटमध्ये, किती वर, आणि ५ मीटरवर ५० बारला कसं वाटलं, एवढं सगळं एका ओळीत बसतं. नवा सूट घेतला की जास्त लागेल, तोच सूट जुना झाला की निओप्रीन दबत जातं आणि हळूहळू कमी लागायला लागेल, त्यामुळे मोठ्या खंडानंतर पाण्यात उतरलात तर जुन्या आकड्यावर न जाता पहिल्याच डाइव्हच्या शेवटी परत एकदा वेट चेक करा.